इयानं कापलं

सुपडाबाई केळीच्या बागेतून दोन्ही हात डोक्यावर धरून चालत होती आणि मी तिच्या मागे.

"हात खाली घ्या हो," मी म्हटलं. "दुखतील."

"दुखू द्या. तुमी साक्षीले हायेत. सुपडी एका बी झाडाले शिवली नाही, असं सांगजा अप्पाले."

भाद्रपदातली दुपार. वारा नव्हता. (गोष्ट सांगताना इथे थोडा वारा घालावासा वाटतो, पुढचं सोपं जातं. पण नव्हता. सुटं लोंबणारं वाळकं पानसुद्धा हलत नव्हतं.) आमच्या समोरच्या ओळीत एक झाड होतं, नुकतंच निसवलेलं, केळफुलाचं जांभळं कमळ बाहेर पडून खाली झुकलेलं. ते झाड सावकाश वाकू लागलं. अवघडलेली बाई कमरेवर हात ठेवून बसायला जागा शोधते, तसं. मग बुंध्याशी काहीतरी ओलं तुटल्याचा आवाज आला, आणि धप्प.

पक्षी उडाले नाहीत. तेही मला नंतर आठवलं.

सुपडाबाई वळली. हात अजून वरच.

"मी कुठी व्हती?"

"माझ्यासमोर."

"आन् हात?"

"वर."

"हां. हे बी सांगजा."

मी पडलेल्या झाडाजवळ बसले. खोड जमिनीलगत तुटलं होतं आणि कंद मातीतच राहिला होता. कंदाचा वरचा भाग तपकिरी, पाणी सुटलेला. बोट लावलं तर आत जाईल असा. वास इतका जवळ आला की मी मागे सरकले. सडलेल्या कांद्याचा, आणि त्याच्या खाली आणखी कसला तरी गोडसर.

ही माझी पहिलीच बाग. संशोधन केंद्रात लागून थोडेच महिने झाले होते. कोल्हापूरकडची मुलगी, तापीकाठचं काहीच माहीत नाही. पंडितअप्पा नेहेते यांनी केंद्राकडे माणूस मागितला आणि डॉ. हळबे यांनी मला पाठवलं. "रोगाचा जंतू ओळखून ये," म्हणाले. बागेच्या बांधावर पोचल्यावर कळलं की गावानं तो आधीच ओळखला आहे. त्याचं नाव सुपडाबाई.

पंडितअप्पा तसे सरळ. त्यांनी मला चहा दिला आणि मोकळेपणानं सांगितलं.

"म्याडम, माह्या घरात दोन पार्ट्या झाल्या. मी म्हनतो किडा हाये. घरची म्हनते हात हाये. सुपडी जिथी जिथी पिलं कापते, तिथी झाडं पडतात. पडतात तं कोनती? निसवलेली. पोटुशी. आन् आमची सूनबाई हाये आठव्यात. आता तुमीच काय तं एक सांगा, म्हंजे तिले ठेवाचं का काढाचं, ते ठरते."

"कुठे काढायचं?"

अप्पांनी बांधाच्या टोकाशी असलेल्या झोपडीकडे पाहिलं. सुपडाबाईचा नवरा त्यांचा सालदार होता. तो गेल्यावर ती तिथेच राहिली. मोठ्या झाडाच्या बुडाशी फुटणारी पिलं विळ्यानं कापायची, म्हणजे आईचं बळ घडाला जातं. हे तिचं काम. त्यापलीकडे तिचं कुणी नव्हतं.

"कुठी का असंना," अप्पा म्हणाले. "गावाच्या बाहीर."

नावाची गोष्ट तिनंच सांगितली, हसत हसत, मी नमुने पिशवीत भरत होते तेव्हा.

"माह्याआधी चार गेली. मी झाली तं मायनं मले सुपात टाकलं, वरतून कोंडा टाकला आन् उंबऱ्याच्या बाहीर ठेवलं. झाडून काढलेल्या कचऱ्यावानी. मरन आलं, सुपात पाह्यलं, कोंडा हाये म्हने, आन् चाललं गेलं. म्हनून सुपडी."

"मग चांगलंच की."

"चांगलं कुठी? गाव म्हनते, ते अजून मले हुडकून राह्यलं. माह्या मांगं मांगं फिरते. मी सापडत नाही म्हनून जे सापडीन त्याले धरते." हात वर धरलेले असतानाच तिनं खांदे उडवले. "खोटं काहून म्हनू? मले बी कधी कधी मांगं कोनी चालल्यासारखं वाटते."

मी मागे बघितलं नाही.

*

पहिली अट. जिथे रोग आहे, तिथे तो जंतू सापडला पाहिजे.

(अशा चार अटी आहेत. शंभर वर्षांपूर्वीच्या. त्या पुऱ्या झाल्याशिवाय कुठल्याही जंतूवर आरोप ठेवता येत नाही. माणसांसाठी अशा अटी मला कुठे आढळल्या नाहीत.)

खोडाचा काप पाण्याच्या पेल्यात लटकवून पाहिला. मर रोग असता तर दुधाचे धागे खाली उतरले असते. उतरले नाहीत. म्हणजे ही सडच. कंदांचे तुकडे घेतले. सुपडाबाईच्या कमरेला खोचलेला विळा मागितला आणि त्याचं पातं निर्जंतुक कापसानं पुसून घेतलं. "हे माह्या नवऱ्याचं," ती म्हणाली. "गावात याच्यापेक्षा धार नाही कशाले."

आता निरोगी रोपं हवी होती. पुढच्या प्रयोगासाठी, ज्यांना कसलाच संसर्ग झालेला नाही अशी. अप्पांच्या बायकोनं, गोदाक्कांनी, मला वरच्या अंगाच्या तुकड्यात नेलं. पदर नाकाला, पाऊल झपझप. उताराची जमीन, पाणी न साचणारी, आणि केळी अशी की फोटो काढावा.

"हे सूनबाईच्या माहेरचं बेनं," त्या म्हणाल्या. "मांगच्या साली आलं. लक्ष्मी हाये लक्ष्मी. एक झाड पडलं नाही."

"इथे सुपडाबाई येत नाहीत?"

"तिच्या हाताले इथी मी शिवू नाही देल्लं. पहिल्यापासून."

"मग पिलं कोण कापतं?"

"इयानं कापली."

"इया?"

"हां, हां. इया चालते. हात नाही चालत."

मी मान डोलावली. त्या गावात सुपडू ऐकला होता, उखा ऐकला होता, झिपरू ऐकला होता. त्यात इया खपून गेला. असेल कुणी गडी.

गड्यांनी रोपं खणून जीपमध्ये ठेवली. घराच्या ओसरीवर सून उभी होती, चारुशीला, एक हात खांबाला. ती रोपांकडे बघत होती. घरातलं माणूस गावाला निघाल्यासारखी. आणि बांधावर, हात डोक्यावर धरून, सुपडाबाई. जीप हलली तशी ती रोपांना म्हणाली, "सुखाच्या जा व माय."

गोदाक्कांनी कानांवर हात ठेवले.

"हयबे सायेबांना नमस्कार सांगजा!" अप्पा ओरडले. नाव तेवढं चुकलं, असं वाटलं मला.

*

दुसरी अट. जंतू वेगळा काढून वाढवता आला पाहिजे.

आला. फार सहज आला. काचेच्या बशीत जिथे तो वाढला तिथे खळगा पडला. ज्यावर बसला तेच खात होता. बटाट्याच्या कापांवर थेंब टाकला. दुसऱ्या दिवशी काप नव्हते, लगदा होता, आणि खोलीत तोच वास. मी खिडक्या उघडल्या. घरी जाऊन न्हाले. उशीला तोच वास.

विळ्यावरच्या कापसातून काय वाढतं ते मी शेवटी पाहिलं. पाहायचं नव्हतं म्हणून शेवटी.

तोच. तसाच खळगा.

"विळा कुणाचा?" हळबे सरांनी विचारलं.

"त्या बाईंचा."

"म्हणजे गावाला सांगायचं की तुमचंच बरोबर. ती कापते म्हणून पडतात."

"सर, त्या बाईंना हाकलून देतील."

"मग?" सर कठोर नव्हते. चष्मा पुसत होते. "जंतू तिच्या विळ्यावर आहे हे तर खरंच आहे. तो विळ्यावर कुठून आला, ते आपल्याला माहीत नाही. दोन अटी राहिल्यात. पुऱ्या करा."

तिसरी अट. वेगळा काढलेला जंतू निरोगी रोपाला टोचला, की त्याला तोच रोग झाला पाहिजे.

जाळीच्या घरात दोन रांगा लावल्या. एका रांगेला जंतू टोचला. दुसऱ्या रांगेला नुसतं उकळून गार केलेलं पाणी, वेगळ्या सुईनं. ही दुसरी रांग म्हणजे तुलनेची रोपं. त्यांना काहीच होता कामा नये. ती उभी राहिली तरच पहिल्या रांगेच्या पडण्याला अर्थ. कुंड्यांना भरपूर पाणी, जाळीघरात ऊब. कुलूप लावलं. किल्ली माझ्याच जवळ.

एका सकाळी कुलूप उघडलं.

तुलनेची रांग आडवी झाली होती.

जंतू टोचलेली रोपं अजून उभी होती, थोडी पिवळी पडलेली. आणि ज्यांना मी फक्त पाणी दिलं होतं ती सगळीच्या सगळी, एकाच बाजूला डोकी करून, जमिनीलगत तुटून पडली होती. ज्या बाजूला डोकी होती तिथे दार होतं. दारात मी होते.

मला ऐकू आलं: सुखाच्या जा व माय.

खरं सांगायचं तर त्या सकाळी, बाहेर येऊन नळाखाली हात धूत राहिले तेवढा वेळ, मी गोदाक्कांच्या पार्टीत होते. हात लागला नव्हता. नजर लागली होती, वाचा लागली होती. आणखी काय हवं?

सर आले. रोपांभोवती फिरले.

"पाणी उकळलेलं होतं?"

"हो."

"सुई?"

"वेगळी. मीच तापवली."

"मग घाबरण्यासारखंच आहे." ते खाली बसले आणि एका कंदाला नख लावलं. "तुम्ही याला निरोगी कशावरून म्हणालात?"

"ती बाग उत्तम होती, सर. एक झाड पडलेलं नव्हतं. सुपडाबाईंचा हातसुद्धा..."

मी थांबले.

चौथी अट. आजारी पडलेल्या रोपातून तोच जंतू पुन्हा मिळाला पाहिजे.

मिळाला. टोचलेल्या रोपांतून मिळाला. न टोचलेल्यांतूनही मिळाला. तो आधीपासून आत होता. कोरड्या, उताराच्या जमिनीत गप्प बसून होता. आम्ही ऊब दिली, पाणी दिलं, तो जागा झाला. टोचलेली रोपं मागे का राहिली, ते मात्र मला आजही माहीत नाही.

"लक्ष्मीच्या तुकड्यातून तो खाली कसा उतरला, ते शोधा," सर म्हणाले. "तिथे पहिली पिलं कापणारा माणूस कोण?"

"इया नावाचा एक गडी आहे."

*

पुन्हा बांध. या वेळी सगळे उभे. अप्पा, गोदाक्का, मागे खाटेवर टेकलेली चारुशीला, चार-दोन गडी. सुपडाबाई लांब, हात वर. मी नव्हते त्या काळातही ती तशीच वावरत होती, असं अप्पा म्हणाले. चूल पेटवायची तेवढे खाली घ्यायची.

"म्याडम, सांगून टाका," अप्पा म्हणाले. "हात का किडा?"

"सांगते. आधी मला इयाला भेटायचंय."

अप्पांनी गड्यांकडे पाहिलं.

"इयाला बोलवा. त्याचे हात बघायचेत, त्याचा विळा बघायचाय."

एक गडी फिसकन हसला. मग दुसरा. मग अप्पांनाही हसू आवरेना. "अवो म्याडम, इयाचे हात कुठले पाह्यता?" त्यांनी डोळे पुसले. "सुपडे, दाखव व इया."

सुपडाबाईनं, बांधावर पहिल्यांदाच, एक हात खाली आणला. कमरेचा विळा काढून उंच धरला. पातं उन्हात चमकलं.

"हा घ्या," ती म्हणाली. "हा इया."

हळब्यांचे जिथे हयबे होतात, तिथे विळ्याचा इया होणारच. मी सोडून सगळे हसत होते. मग मी काय विचारलं होतं ते त्यांच्या हळूहळू लक्षात आलं असावं, कारण हसणं एकेका तोंडावरून उतरत गेलं.

"आक्का," मी म्हटलं. "वरच्या तुकड्यात विळा हा होता?"

गोदाक्कांनी पदर नाकाला लावला.

"हात तिचा नको म्हणून तुम्ही कापलंत. पण विळा तिचाच घेतलात. हाच ना?"

"धारेचा व्हता," त्या पुटपुटल्या. "लक्ष्मीले बोथट लावाचा का?"

"आणि कापून झाल्यावर परत दिलात."

"देल्ला. दुसऱ्याची चीज ठेवते का कोनी?"

"त्याच दिवशी तिनं तो खालच्या बागेत चालवला."

मी समजावून सांगितलं. जंतू वरच्या कंदांत होता, बेण्याबरोबर आला होता. पातं त्यात बुडालं, आणि पुढे जिथे जिथे कापलं तिथे तिथे पेरत गेलं. वरच्या तुकड्याचा निचरा चांगला म्हणून तो तिथे दबून होता. खाली पाणी साचतं, तिथे उठला. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की आता कुणीच माझ्याकडे बघत नाहीये. सगळे खाटेकडे बघत होते.

चारुशीला उठली. एक हात कमरेवर. त्या वाकणाऱ्या झाडासारखी.

"बेनं माह्या बाबानं आनलं," ती म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं. "लग्नात ओटी भराले माय नव्हती माही. बाबाले काय ठाऊक ओटीत काय देतात? त्याच्या शेतात जे चांगलं व्हतं, ते घेऊन आला." मग ती सुपडाबाईकडे वळली. "आन् मावशी, इया मागाले मीच आली व्हती तुह्याकडे. आत्याबाईनं धाडलं व्हतं. इया परत गेला आन् मंगच खाली झाडं पडाले लागली. दोन महिन्यांपासून मले ठाऊक हाये, हात तुहा नाही. मी भेली."

"कशाले भेली व?" सुपडाबाईनं विचारलं.

चारुशीलेनं पदर पोटावर ओढला. उत्तर गोदाक्कांनी दिलं, अगदी हळू, तिच्या पोटाकडे बघत.

"मंग पायगुन कोनाचा?"

वरच्या तुकड्यात, आमच्या पाठीमागे, धप्प असा आवाज झाला. लक्ष्मीचं पहिलं झाड.

"पायगुण कुणाचाच नाही, आक्का," मी घाईनं म्हटलं. "जिवाणू आहे. डोळ्यांना दिसत नाही एवढा. त्याला नाव आहे."

"काय नाव?"

"अर्विनिया."

गोदाक्का बराच वेळ ते नाव तोंडात घोळवत राहिल्या.

"बाईचंच हाये," त्या म्हणाल्या.

*

लक्ष्मीचा तुकडा खणून काढावा लागला. केळ जळत नाही, अंगात पाणी असतं. म्हणून मोठा खड्डा खणून त्यात टाकली, वर चुना, वर माती. विळा चुलीत लाल होईपर्यंत तापवला. यापुढे प्रत्येक झाडानंतर पातं भाजायचं, असं मी सगळ्यांना दाखवलं. सुपडाबाईला कुणी जा म्हटलं नाही. राहा असंही म्हटलं नाही. गोदाक्का आधी सुपडाबाईच्या हातांकडे बघायच्या, मग सुनेच्या पावलांकडे. एकाच बांधावर दोन बायका, एकीचा हात आणि एकीचा पाय. त्या कशाचा विचार करत होत्या, ते मला दिसत होतं.

खड्डा बुजवल्यावर मी शेवटचं बघायला गेले. सुपडाबाई काठावर उकिडवी बसली होती. हात मांडीवर. आता वर धरायचं कारण नव्हतं तरी ते कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं.

"ताई, ऐका," ती म्हणाली.

मातीखालून बुडबुडल्यासारखा आवाज येत होता. वरची माती किंचित वर आली. खाली गेली. पुन्हा वर.

"सडताना वायू तयार होतो," मी म्हटलं.

"हां," ती म्हणाली. "दम घेऊन राह्यलं."

तेवढ्यात घराकडून हाक आली.

चारुशीलेचे दिवस भरले नव्हते. जीप जवळ असून उपयोग झाला नाही, सगळं फार लवकर झालं. मी ओसरीवर उभी होते, आत जाण्याइतकं मला काही येत नव्हतं. दाराआड बायकांचे आवाज, भांड्यांचे आवाज, मग चारुशीलेची एक लांब ओरड. मग काहीच नाही. ज्या आवाजाची सगळे वाट बघतात, तो नाही.

अप्पा भिंतीला धरून खाली बसले.

गोदाक्का बाहेर आल्या. हात कोपरापर्यंत ओले. मला त्यांनी पाहिलं नाही. अंगणाच्या टोकाशी गेल्या आणि झोपडीच्या दिशेनं, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या:

"सुपडे! सूप घेऊन ये व! कोंडा आन!"

ती पळत आली. उंबऱ्याशी आपोआप थांबली.

"ये," गोदाक्का म्हणाल्या. "तुह्याच हातानं कर."

सुपडाबाईनं ते निळसर, गप्प पोर सुपात घेतलं. घासून घासून पाठ लाल केली. मग वर मूठभर कोंडा भुरभुरला आणि सूप उंबऱ्याबाहेर, माझ्या पायांपासून हातभर अंतरावर ठेवलं. गोदाक्का दारात आडव्या उभ्या राहिल्या. घशाच्या शिरा तटतटलेल्या.

"काही झालं नाही आमच्याकडे!" त्या मोकळ्या अंगणाला सांगत होत्या. "कचरा हाये! झाडून काढला! कचरा हाये!"

अंगणात अप्पांचा कुत्रा झोपला होता. तो उठला. फाटकाकडे बघितलं. मग कान पाडून दोन पावलं बाजूला सरकला, येणाऱ्याला वाट द्यावी तसा. त्याची मान सावकाश सुपाकडे वळली, थांबली, आणि पुन्हा तशीच सावकाश फाटकाकडे गेली.

वारा नव्हता.

मग सुपातलं पोर रडलं.

केंद्रात परतल्यावर, बारशाचा निरोप आला तेव्हा, मी अहवाल लिहायला घेतला. जंतू कोणता, आला कुठून, पसरला कसा, सगळं. शेवटचं, सुपाचं, तेवढं सरांना तोंडी सांगितलं. सुपडाबाई आता घरात राहते, त्या पोरीचं नाव त्यांनी ठेवलंय वैजयंती पण हाक सुपडीच मारतात, हेही सांगितलं.

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"दुसरं सूप होतं का?" त्यांनी विचारलं. "कोंडा न टाकलेलं? तुलनेला?"

"नव्हतं."

"मग लिहू नका."

मी लिहिलं नाही.